सहा तास कोमेजलेलं पान

९ जानेवारी

आत्या,

वाकून नमस्कार करणार होते, पण चार दिवस झुडपांची छाटणी करून कंबरेने संप पुकारलाय. तेव्हा हा उभ्याउभ्याच घे.

सोबत तीन डबे पाठवते आहे. तिन्हींत जपानी हिरवा चहा आहे, पण तीन तऱ्हांचा. डब्यांवर एक, दोन, तीन एवढेच आकडे घातलेत. कोणता कुणी केला, कसा केला, हे मुद्दाम लिहीत नाही. चहा चाखायच्या नोकरीत तुझी एकतीस वर्षं गेली, तुला मी काय सांगणार? चाखून बघ आणि जे वाटेल ते लिही. भाचीने पाठवलाय म्हणून गोड बोलू नकोस. तू बोलणार नाहीसच, तरी रीत म्हणून लिहिलं.

इथे जपानात येऊन मला दीड वर्ष झालं. कारखाना म्हणतेय खरी, पण माणसं आठच आणि छप्पर एकच. मालक सत्तरीचे आहेत. सगळे त्यांना घड्याळबुवा म्हणतात, अर्थात पाठीमागे. सफरचंद कापून ठेवलं की ते लालसर पडायला लागतं ना, तसं पान खुडल्याबरोबर त्याचा रंग आणि वास बदलायला लागतो. हिरवा चहा हिरवा ठेवायचा तर त्याला लगेच वाफ द्यायची. आमच्याकडे 'लगेच' म्हणजे एका तासाच्या आत. टोपल्या डोंगरावरून उतरायला लागल्या की मालक दारात घड्याळ घेऊन उभे राहतात आणि उशीर झाला की काही बोलत नाहीत, नुसते घड्याळाकडे बघतात. त्यापेक्षा ओरडा खाल्लेला परवडला.

फोन करायचा तर टेकडी चढावी लागते, आणि तिथे वारा इतका की तुला वाटतं मी रडतेय. म्हणून पत्र.

बाबा कसे आहेत? मी त्यांना आतापर्यंत चार पत्रं लिहिली. एकाचंही उत्तर नाही. तू त्यांच्या खालच्याच मजल्यावर राहतेस, तेव्हा निदान वेळेवर जेवतात का एवढं तरी कळव.

तुझी
शेंबडी


२४ जानेवारी

शेंबडे,

डबे पोचले. एकाचं झाकण वाटेत चेपलं होतं, पण माल शाबूत आहे.

तिन्ही चहा मी आमच्या टेबलावर रीतसर लावले. तीन-तीन ग्रॅम पान, त्यावर उकळतं पाणी, पाच मिनिटं झाकण, मग पांढऱ्या वाडग्यात गाळायचा. चमच्याने ओढायचा, तोंडात घोळवायचा आणि पिकदाणीत थुंकायचा. लहान असताना माझा तो ओढायचा आवाज ऐकून तू खुर्चीवरून पडायचीस. आता कारखान्यात आहेस, तेव्हा तुला हसू येत नसावं.

एक नंबर तुमच्या मालकांचा. तू लिहिलं नाहीस तरी ओळखला. पान ताजं, वाफ वेळेवर, कुठे बोट ठेवायला जागा नाही. त्यांना माझा नमस्कार सांग.

दोन नंबर दुकानातला आहे, वर्षभर जुना, काचेच्या बरणीत उन्हात ठेवलेला. मला पारखायला घातला असलास तर थोडा अवघड तरी घालायचा होतास.

आता तीन नंबर. ह्याच्यात सरळ दोष आहे. पानाला कोमेजल्याचा वास येतोय. हिरव्या चहात फुलांचा वास आला की आम्ही कौतुक करत नाही, कुणाचं काम चुकलं ते शोधतो. इथे पान खुडून आणल्यावर कुणीतरी ते पसरून ठेवलं आणि जेवायला गेलं, आणि ते जेवण सहा तास चाललं. मग आठवण झाली आणि वाफ दिली. कडा किंचित लालसर पडल्यात, पाण्याचा रंगही हिरवा सोडून पिवळ्याकडे गेलाय. गंमत अशी की सगळं पान सारखंच कोमेजलंय, एकही जास्त नाही की कमी नाही. इतका नीटनेटका निष्काळजीपणा मी एवढ्या वर्षांत पाहिला नव्हता. शेरा: सदोष, नापसंत. ज्याने केलाय त्याला म्हणावं, दुसरं काम बघ.

दादाचं म्हणशील तर तब्येत ठीक आहे. जेवतो वेळेवर, बोलतो मात्र मोजकंच. तू विचारलंस म्हणून एक निरोप सांगते. तू आधी काम करायचीस त्या औषधांच्या प्रयोगशाळेतल्या मोठ्या बाई त्याला भेटल्या होत्या. तुझ्या जागी आलेला माणूस सोडून जातोय. तू येत असशील तर मार्चअखेरपर्यंत जागा तुझ्यासाठी धरून ठेवतील. तुझं रसायनशास्त्र दादाने स्वतः शिकवून पक्कं केलं, शाळेतल्या चाळीस पोरांपेक्षा जास्त जीव तुझ्यावर टाकला. तो तोंडाने म्हणणार नाही, म्हणून मी म्हणते: विचार कर. तुला लहानपणी बारा महिने सर्दी असायची. त्या नाकाने चहात किती दिवस काढशील?

तुझी
आत्या


१६ फेब्रुवारी

आत्या,

तुझं पत्र दोन आठवड्यांपूर्वीच मिळालं. उत्तर लिहायला बसायचे आणि पेनाचं टोपण लावून उठायचे.

तीन नंबर माझा आहे.

कुणी जेवायला गेलं नव्हतं. मी त्या पानाजवळ सहा तास बसून होते. थोडा वेळ कोवळ्या उन्हात, मग वरच्या खोलीत सावलीला चटयांवर पसरून, दर अर्ध्या तासाने हाताने उलटवत. टोपलीच्या तळाशी राहिलेल्या पानाला कधीकधी फार सुंदर वास येतो, हे मला पहिल्याच हंगामात लक्षात आलं होतं. इथल्या बायका ते पान चुरगाळून हुंगतात आणि फेकून देतात. मी वर्षभर मालकांच्या मागे लागले, तेव्हा त्यांनी शरदातल्या शेवटच्या तोडणीला रोज चार किलो पान दिलं, तेही बांधावरच्या झुडपांचं. दोन तास, चार, सहा, आठ, सगळं करून पाहिलं. दोन तासांचा नुसता गोंधळलेला लागतो, आठ तासांच्यात हिरवेपणाच उरत नाही. सहाच्या वेळी जो वास आला, तो आल्यावर मी खोलीत एकटीच हसत बसले होते. जपानात दुसरीकडे काही थोडे लोक असा चहा मुद्दाम करतात. मी काही नवीन शोधलेलं नाही. पण आमच्या डोंगरावर कुणी केला नव्हता.

आता खरी गोष्ट. मालक म्हणाले होते, तुझ्याशी गोड वागायचं ज्याला कारण नाही अशा जाणत्या माणसाला हा चाखायला दे, तुझं नाव न सांगता. त्याचं उत्तर बघून मी ठरवीन. उत्तर चांगलं आलं तर वसंतातल्या पहिल्या तोडणीला वरची खोली आणि चांगलं पान तुझं. नाही आलं तर हे खूळ सोडायचं आणि मुकाट वाफेच्या यंत्रावर उभं राहायचं. गोड न बोलणारं माणूस म्हटल्यावर मला दुसरं कोण सुचणार?

तर तुझा शेरा आला. सहा तास तू बरोबर ओळखलेस, पळभर मला काय अभिमान वाटला. पुढची ओळ वाचली आणि जाऊन भांडी घासत बसले.

मालकांना मी सांगितलंय की पत्र अजून आलं नाही. रोज सकाळी ते विचारतात आणि मी रोज मान हलवते. मला स्वतःची लाज वाटते आहे. त्यांना आपली लिपी येत नाही, पत्र मलाच वाचून दाखवायचंय. वाटेल ते वाचलं तरी त्यांना कळणार नाही. हा विचार माझ्या मनात आला, आला काय, चांगला दोन दिवस मुक्कामाला होता. म्हणजे मी किती खाली आले बघ.

प्रयोगशाळेचं तुझं बरोबर असेल. मोठ्या बाईंना हो कळवावं असं आता वाटायला लागलंय. बाबांना बरं वाटेल. मलाही कदाचित वाटेल.

तुझी
शेंबडी


२७ फेब्रुवारी

बाळा,

आज तुला शेंबडी म्हणणार नाही, तेवढी लायकी आज माझी नाही.

तुझं पत्र ऑफिसात फोडलं. वाचून झाल्यावर मी पिकदाणी पायाने सरकवली आणि मांडलेले वाडगे तसेच सोडून खिडकीशी जाऊन उभी राहिले. माझ्या हाताखालच्या दोन पोरींना वाटलं घरी काहीतरी वाईट झालं. एकीने पाणी आणून दिलं.

पण तुझ्या पत्राच्या आधीच एक गोष्ट घडली होती आणि ती मी तुला कळवणार नव्हते. आमच्याकडे कप धुणाऱ्या मावशी आहेत, वीस वर्षं झाली असतील. चाखून झालं की वाडग्यांत उरलेला चहा त्या एका मोठ्या मगात ओततात, सगळा एकत्र, आणि धुता धुता गार पितात. कुठला काय, त्यांना काही पडलेली नसते. ज्या दिवशी तुझे डबे लावले, त्या दिवशी त्यांनी तीनच वाडगे उचलले, म्हणून वेगवेगळे प्यायल्या असाव्यात. दुसऱ्या दिवशी मला विचारतात, "बाई, तो तिसरा चहा पुन्हा कधी लागणार आहे?" वीस वर्षांत त्यांनी कुठल्या चहाचं नाव काढलं नव्हतं. मी म्हटलं, तो नापास झाला. त्या म्हणाल्या, "मग उरलेला मी घेऊन जाऊ का?" मी डबा दिला नाही. का दिला नाही, ते मलाही सांगता आलं नसतं. कपाटात ठेवून दिला आणि विषय संपवला.

तुझं पत्र वाचल्यावर तो डबा घरी आणला. आता हसू नकोस. मी घरी चहा पीत नाही, तुला माहीतच आहे. दिवसाला दीडशे-दोनशे घोट तोंडात घ्यायचे आणि थुंकायचे, एवढं झाल्यावर घरी कोण चहा टाकतंय? आल्यागेल्याला सरबत देते. सबंध कप शेवटचा कधी प्यायले, आठवून पाहिलं, आठवेना. किटलीही नव्हती, वर दादाकडून मागून आणली. कशाला हवी असं त्याने विचारलं, मी म्हटलं, डोकं दुखतंय.

पाणी उकळून थोडं निवू दिलं. पान चिमटीने घातलं, काट्यावर तोललं नाही. दीड मिनिटात गाळलं. आणि खुर्चीत बसून प्यायले, म्हणजे गिळला. पहिल्या घोटाला घसा जरा बिचकलाच, त्याला सवय कुठे होती.

बाळा, काय लिहू? अनंताचं फूल रात्रभर पाण्यात ठेवलं की सकाळी त्या पाण्याला जो वास येतो, तो. त्याच्या मागून कोवळं पान, आणि शेवटी जिभेच्या कडेला गोडी, ती जाता जात नाही. कडू नावालासुद्धा नव्हता. दुसऱ्यांदा पाणी घातलं, तिसऱ्यांदा घातलं. तिसऱ्यातही वास होता. मला रडू आलं आणि मग रडू आल्याचा राग आला.

माझी चूक कुठे झाली ते सांगते, कारण ती चूक आमच्या धंद्यातल्या माणसाशिवाय कुणी करणार नाही. आम्ही उकळतं पाणी आणि पाच मिनिटं हे चहा चांगला लागावा म्हणून करत नाही. त्याने जे लपवलंय ते बाहेर यावं म्हणून करतो. डब्यावर आकडा दिसला की माझी जीभ दोष शोधायलाच बसते. तूही आकडा घातलास आणि कोऱ्या कागदासारखा डबा पाठवलास. 'आत्या, पिऊन बघ' असं लिहिलं असतंस तर मी प्यायले असते की नाही देव जाणे, पण नापास केला नसता. तुझा चहा मी ऐकून न घेता उलटतपासणीला उभा केला.

आता नीट ऐक. माझं पहिलं पत्र मालकांना जसंच्या तसं वाचून दाखव. एक शब्द गाळू नकोस, सौम्य करू नकोस. ते मी खरं लिहिलं होतं, त्या पद्धतीने तो तसाच लागतो. मग हे वाच. हेही खरं आहे. दोन्ही ऐकून ते जे ठरवतील ते ठरवू देत. खोटं वाचून खोली मिळवलीस तर त्या खोलीत तुला कसलाच वास येणार नाही.

प्रयोगशाळेबद्दल मी जे लिहिलं, ते मागे घेते. तुझ्या नाकाबद्दलचंही.

तुझी
आत्या

ता. क. उरलेल्यातला निम्मा मावशींना दिला. त्यांनी डबा लगेच पदराखाली घेतला.


१४ मार्च

आत्या,

दोन्ही पत्रं वाचून दाखवली. धीर करायला मला पाच दिवस लागले.

दुपारी जेवणानंतर मालक यंत्राला तेल घालत होते. मी म्हटलं, पत्र आलंय. ते म्हणाले, कधी? मी म्हटलं, फेब्रुवारीच्या सुरुवातीला. त्यांनी तेलाचा डबा खाली ठेवला, हात पुसले आणि बाकावर बसले. बस, एवढंच. घड्याळाकडे बघतात तसं माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, वाच.

मी सगळं वाचलं. उन्हातल्या बरणीपाशी ते हसले. तीन नंबरचंही काही गाळलं नाही: जेवायला गेलेला माणूस, सहा तास, लालसर कडा, निष्काळजीपणा, नापसंत, दुसरं काम बघ, सगळं त्यांच्या भाषेत सांगितलं. आठही माणसं गोळा झाली होती. एक बाई माझ्या पाठीवर हात ठेवून उभी होती.

मालकांनी तुझं एक वाक्य पुन्हा वाचायला लावलं. सगळं पान सारखंच कोमेजलंय, ते. मग तिसऱ्यांदा. आणि म्हणाले, "चुकून पडलेलं पान असं कोमेजत नाही. वरचं सुकतं, तळातलं कुजतं. सारखं कोमेजलं म्हणजे हात बसलाय. मला एवढंच बघायचं होतं."

दुसरं पत्र त्यांनी त्यानंतर ऐकलं. म्हणजे निकाल तुझ्या नापसंतीवरच लागला, आत्या. मावशींचं सांगितलं तेव्हा मात्र ते खूश झाले. त्यांना नवीन चहाचा पहिला डबा पाठवायचा, असा हुकूम आहे. तुला नाही, मावशींना. तू रांगेत दुसरी.

पत्र लपवल्याबद्दल ते एवढंच म्हणाले की पान सहा तास थांबवता येतं, पत्र नाही. मी माफी मागितली. त्यांनी तेलाचा डबा माझ्या हातात दिला आणि उरलेल्या यंत्राला मी तेल घातलं.

एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात पहिली तोडणी आहे. वरची खोली माझी, रोज वीस किलो पान माझं, आणि तेही पूर्वेच्या उतारावरचं, ज्याला ते कुणाला हात लावू देत नाहीत. अट एकच. दर अर्ध्या तासाने पान उलटवायचं, त्यात एका मिनिटाचाही फरक चालणार नाही. चार किलो मी एकटी सांभाळत होते. वीस किलोच्या चटया भिंतीपासून भिंतीपर्यंत होतील, आणि तोडणीच्या दिवसांत बाकी सगळ्यांचे हात खाली गुंतलेले. बघू. काहीतरी जमवीन.

मी खूप आनंदात आहे, हे आधी लिहायला हवं होतं.

पण आनंदाला एक खोट आहे. प्रयोगशाळेला नाही म्हणून कळवायचंय, आणि बाबांशी बोलल्याशिवाय ते पत्र माझ्याच्याने लिहून होत नाही. त्यांनी हो म्हणावं असा हट्ट नाही, रागावले तरी चालेल. काहीतरी बोलावं. शरदातल्या चहाचा शेवटचा डबा सोबत पाठवते आहे, वर आकडा घातलेला नाही. माझ्या टिपणवहीतलं एक पानही नकलून पाठवते, तास, खोलीचं तापमान, पानाचं वजन, सगळं आहे त्यात. जमलं तर दोन्ही त्यांना दे. कसं द्यायचं ते तू ठरव.

तुझी
शेंबडी (पदवी परत घे, माझं तिच्यावाचून अडतंय)


२५ मार्च

शेंबडे,

दिलं. कसं दिलं ते सांगते.

रविवारी सकाळी किटली परत करायला वर गेले. किटली, तुझा डबा, तुझं वहीचं पान. दादा टेबलाशी बसला होता, समोर कागद, हातात लाल पेन. रिटायर होऊन सहा वर्षं झाली, अजून लाल पेन सुटत नाही. मला बघून त्याने कागद उलटा केला. मी तो उचलला. धाकटी बहीण आहे, उचलू शकते.

तुला लिहिलेलं पत्र होतं. सुरुवात 'चि. बाळ', आणि चौथ्या ओळीपासून लाल खुणाच खुणा. 'शब्द बरोबर नाही', 'पुन्हा तेच', 'हे म्हणायचं नव्हतं'. स्वतःच्याच पत्राला. मी विचारलं, हे कधीपासून? तर म्हणाला, पहिल्यापासून. तुझ्या चारही पत्रांना त्याने उत्तरं लिहिली, तपासली, नापास केली आणि फाडली. दीड वर्ष मी खालच्या मजल्यावर राहून मला पत्ता नाही. मी समजत होते राग आहे. तुलाही तसंच भासवलं, त्याबद्दल मला क्षमा कर.

मग माझ्या लक्षात आलं की हा आपल्या घराण्याचाच रोग आहे. मी चहाला केलं, त्याने पत्रांना केलं. तुला तो लागला नाही, किंवा लागला असून तू त्यातून काहीतरी चांगलं काढलंस.

मी त्याला उपदेश केला नाही. पाणी ठेवलं, निवू दिलं, चहा केला आणि त्याच्यासमोर ठेवला. कुणाचा ते सांगितलं नाही, पण तो काही दूधखुळा नाही. वहीचं पान शेजारी ठेवून खाली निघून आले. थोड्या वेळाने वरून किटली पुन्हा चढवल्याचा आवाज आला.

आज तो खाली येऊन पाकीट देऊन गेला. चिकटवलेलं आहे, मी वाचलेलं नाही. वाचायचं फार मनात होतं, हेही खरं सांगते. सोबत पाठवते आहे.

तुझी
आत्या


२५ मार्च

चि. बाळ,

आशीर्वाद. हे पत्र एकदाच लिहितो आहे आणि लिहून झाल्यावर वाचणार नाही, कारण वाचलं तर ते तुला मिळणार नाही. चुका असतील. असू देत.

चहा मिळाला. पहिला कप पिताना ह्यात काय चुकलंय ते शोधत होतो. दुसरा नुसता प्यायलो. वास कशाचा ते मला आत्यासारखं सांगता येणार नाही. खिडकी उघडी होती, ती मी बंद केली, वास जाऊ नये म्हणून. ह्याहून जास्त मला लिहिता येत नाही.

तुझ्या वहीचं पान चार वेळा पाहिलं. सातव्या ओळीत वजाबाकी चुकली आहे. चार हजार ग्रॅमचे तीन हजार एकशेवीस झाले, म्हणजे घट बावीस टक्के, तू चोवीस लिहिली आहेस. बाकी सगळं बरोबर आहे. नुसतं बरोबर नाही, सुंदर आहे. तू प्रयोगशाळा सोडलीस तेव्हा मला वाटलं, मी शिकवलेलं सगळं तू टाकून दिलंस. ते तू डोंगरावर घेऊन गेली होतीस, हे मला कळायला दीड वर्ष लागलं. मला त्याचं वाईट वाटतं, आणि हे मी तुला फार आधी सांगायला हवं होतं.

तुझ्या प्रयोगशाळेतल्या बाईंना आज सकाळी जाऊन सांगून आलो की माझी मुलगी येणार नाही, तिला काम आहे. तुला न विचारता गेलो. चालेल ना?

पान दर अर्ध्या तासाने उलटवायचं असतं, असं तू वहीत खाली लिहिलं आहेस. एप्रिलअखेरच्या तोडणीला रोज वीस किलो पान मिळणार, हे आत्याला विचारून घेतलं. सहा तासांत बारा वेळा, वीस किलोला दोन हात पुरणार नाहीत. मला डोंगर चढता येणार नाही आणि खुडताही येणार नाही. पण चटईशेजारी खाली मांडी घालून मी सहा तास बसू शकतो, परीक्षेच्या वर्गात आयुष्यभर तेच केलं. तुझ्या मालकांना विचार, आणि वीस एप्रिलला इथून निघालो तर तोडणीच्या आधी पोचेन का, ते कळव.

तुझे
बाबा